मोठ्या बाईंच्या डब्यातली पुडी

प्रिय मोठ्या बाई,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. लगेच फुगू नका. तुम्हाले फुगायले निमित्तच लागत होतं.

तुम्ही जाऊन चार वर्सं झाली. इतक्या दिवसांत मी तुम्हाले एक ओळ लिहिली नाही, अन् आज नातीच्या वहीचं पान फाडून बसली. मी चवथी पास. जोडाक्षरं चुकतील. तुम्ही तर शाळेचं तोंडही पाह्यलं नव्हतं, म्हणून चुका काढायचं भेव नाही.

आता काहून लिहून राहिली ते सांगते. तीन महिन्यांपासून माझे खांदे आखडले होते. सकाळी उठलं की दोन्ही हात लाकडासारखे. वेणी घालता येईना, फळीवरचं मीठ काढता येईना. सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे डोक्यावर पदर घेता येईना! तुमचे मालक, म्हणजे माझ्या मालकाचे थोरले भाऊ, माझे भासरे, समोरून आले की मी आपली भिंतीकडं तोंड करून उभी. गावात बोलणं सुरू झालं, म्हातारपणी धाकटीनं लाज सोडली म्हणून.

शेवटी पोरगा मले भंडाऱ्याले घेऊन गेला. डॉक्टर एवढासा, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. त्यानं रक्त पाह्यलं, खांदे दाबले अन् एक बारीकशी पांढरी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी असा झपकन हात वर केला की सुनेले वाटलं मारायलेच उठली! ती बिचारी दोन पावलं मागं सरली.

मी शोभाले, म्हणजे सुनेले म्हणलं, “वाच गं माय, काय नाव आहे या देवाचं?”

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. “प्रेडनिसोलोन.”

मी चहाचा कप खाली ठेवला. दहा वर्सं झाली तरी ते नाव मी विसरली नव्हती. विसरीन कशी? त्याच औषधानं तुम्हाले उठवलं होतं, अन् त्याच औषधाच्या पायी मी तुम्हाले मारतच होती.

गोळ्या ठेवाले मी फळीवरून तुमचा डबा काढला. तोच, झाकणावरचा मोर घासून गेलेला. तुमच्यामागं त्याले कोणी हात लावला नव्हता. आत दोन बटनं, एक सुपारीचं खांड अन् एक पुडी निघाली.  त्या पुडीचं मी शेवटी बोलीन. आधी मले माझं सांगू द्या. नाहीतर तुमची सवय मले माहीत आहे, तुम्ही मधातच बोलान.

आठवते का जी तुमचा दमा? दमा कसला, घरातला आणखी एक माणूसच होता तो! खळ्यावर धानाचं चुरणं सुरू झालं की त्या धुळीनं तुमच्या छातीत पिपाणी वाजू लागे. तुम्ही उंबऱ्यावर बसून श्वास ओढत असायच्या अन् तेवढ्यातही मले सांगायच्या, “धाकटे... डाळ... लागली... खाली.” श्वास नव्हता, पण हुकूम सोडाले पुरत होता.

मी सांगते ते वर्स नसबंदीचं होतं. सरकारी गाडीचा आवाज आला की माणसं धानाच्या बांधीत लपत. मी म्हणलं, बाईले भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. भासरे ओसरीतूनच ओरडले, “दवाखान्यात? आपल्या पायानं जाऊ का कापून घ्याले?”

तुम्ही म्हणाल्या, “माझी पोरं लग्नाची झाली जी. माझं काय कापतीन आता?”

“तुझं नाही, माझं कापतीन! तुझ्या संगं मलेच यावं लागते ना!”

झालं. दवाखाना राहिला अन् मोहाडीच्या बाजारातला पुडीवाला आला. काळी छत्री जमिनीत रोवून तिच्याखाली बसायचा. समोर हिरवं फडकं, त्यावर मुळ्या, एका शिशीत मेलेला विंचू. तुमची पिपाणी ऐकून म्हणाला, “बाई, सात पुड्या नेजा, सात सकाळी खाजा. आठवीसाठी तुम्ही धावत यान.”

अन् खरंच जी! तिसऱ्या दिवशी तुम्ही विहिरीवरून दोन गुंड भरून पाणी आणलं. पाचव्या दिवशी माझ्याशी भांडल्या, तेही एका श्वासात. घरात सगळे हरखले. मीही हरखली, खोटं काहून बोलू?

मग तुम्ही जेवू लागल्या. भात, लाखोरीची डाळ, वरून झिंग्याचा रस्सा, पुन्हा भात. हळूहळू तुमचे गाल वर आले, तोंड गोल झालं, मानेमागं एक मांसाची गादी आली. हातपाय तसेच काड्या, पण ते कोण पाहते? लोक तोंड पाहतात.

दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई, वर्साची जत्रा भरली. घरोघरी पाव्हणे, रात्रीच्या नाटकाची तयारी, ओसरीत बायांचा गराडा. तुम्ही मधात बसलेल्या, हिरवं लुगडं नेसून. एक पाव्हणी तुमची हनुवटी धरून म्हणाली, “मोठी बाई कशी पुनवेच्या चांदासारखी झाली वो! अन् ही धाकटी? ही तुराटी काहून अशी? खाऊ घालता का नाही तिले?”

तुम्ही काय म्हणाल्या ते मले शब्दाशब्दानं आठवते. “खाते ना जी. पण तिच्या आंगाले लागत नाही, सगळं जिभेलेच लागते.”

सगळी ओसरी हसली. तुम्ही सगळ्यांत जास्त हसल्या. त्या दिवसापासून गावानं मले तुराटी नाव ठेवलं. तुरीचं वाळकं काटूक! मोठ्या बाई, मी तुम्हाले कधी म्हणलं नाही, पण ते लागलं हो. तुमचं नुसतं बोलणं होतं, मले आरशात रोज पाहावं लागत होतं.

आता ऐका. बसल्या असान तर धरून बसा.

मंडईच्या चवथ्या दिवशी मी तुमच्या पुड्यांतून चोरी केली.

पहिल्या दिवशी चिमूटभर घेतली. कडूजहर! गुळासंगं गिळली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पुडीतून. आठ दिवसांनी मले वाटलं, बाई म्हणतीन पुड्या हलक्या काहून झाल्या. मग मी डोस्कं चालवलं. समोर तांदळाच्या पिठाचा डबा होताच. जेवढं काढत होती तेवढं पीठ भरत होती. पांढऱ्यात पांढरं, कोणाले समजते!

आधी चिमूट, मग अर्धी पुडी. मले भूक लागू लागली. आंगात असा जोर आला की मी एका दिवसात सगळी भिंत सारवली अन् वरून विचारलं, अजून कोणाची सारवायची आहे का? झोप कमी झाली, पण थकवा नाही. अन् आरशात, मोठ्या बाई, मले गाल आले! जन्मात पहिल्यांदा! बोटानं दाबून पाहत होती मी.

हावरट माणसाले थांबता येते का? संक्रांतीच्या आधीच्या बाजारातून तुमच्या सात पुड्या आल्या, त्यातल्या मी सातही रिकाम्या केल्या. सातही पिठानं भरल्या. मी माझ्या मनाले समजावलं, बाई तर बऱ्या झाल्या. दमा गेला. आता पुडी खाल्ली काय न् पीठ खाल्लं काय.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही उठल्या अन् पुन्हा बसल्या. “धाकटे, घर फिरून राहिलं.” मग उलट्या. आंग थंडगार, कपाळावर घाम, डोळे मिटू मिटू. मी हाक मारली तर ‘हूं’ही नाही. मोठ्या बाई, तुम्ही अन् उत्तर देत नाही! तेव्हाच मी ओळखलं, हे साधं नाही.

दम्यानं माणूस तडफडते. तुम्ही तडफडतही नव्हत्या. तुम्ही नुसत्या विझून राहिल्या होत्या.

बैलबंडीत धानाचं तणीस टाकून तुम्हाले मोहाडीपर्यंत नेलं, तेथून एसटीनं वरठी करत भंडाऱ्याले. कंडक्टरनं पुढची शीट रिकामी करून दिली. तुमचं डोकं माझ्या मांडीवर. मी देवाले काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून निम्मं फेडायचं राहिलं आहे. भासरे दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले अन् बाहेरच्या लिंबाखाली उभे राहिले. बायको मरत होती तरी गड्यानं फाटक ओलांडलं नाही! लिंबाखालूनच विचारत होते, “शुद्धीवर आली का?”

आत डॉक्टरीण बाई होती. नाकावर चष्मा, आवाज मास्तरासारखा. तुमचं तोंड पाह्यलं, मान पाह्यली, हात पाह्यले, अन् पहिला सवाल, “कोणतं औषध खात होत्या? अन् बंद कोणी केलं?”

मी संगं आणलेला तुमचा पुड्यांचा डबा पुढं केला. पुड्या राहिल्या होत्या चार. तिनं एक उघडली, बोटाले लावून जिभेवर ठेवली अन् चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं. “हे तर कडू नाही.” मग तिनं टिंचरची शिशी घेतली, एक थेंब पुडीत टाकला. पुडी काळीनिळी झाली. “हे तांदळाचं पीठ आहे!”

माझं तोंडही त्याच रंगाचं झालं असंल.  नर्स म्हणाली, “बाजारातले लोक बघा कसे फसवतात.” मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

तुम्हाले सुई दिली, सलाईन लावलं. दिवस मावळायच्या आत तुम्ही डोळे उघडले अन् पहिलं बोलल्या, “घरी कोंबड्या कोणी झाकल्या?” मी बाहेर जाऊन भासऱ्यांले सांगतलं, तर लिंबाखाली तो बाप्या ढसढसा रडला. हे तुम्हाले त्यायनं कधी सांगतलं नसंल. मी सांगते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं आम्हाले बसवून समजावलं. म्हणे, माणसाच्या पोटात मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन बारक्या गाठी असतात. आंगाले ताप, मार, उपास सहन व्हावा म्हणून एक रस त्या रोज बनवतात. पुडीवाल्याच्या पुडीत त्याच जातीचं औषध असते, स्टेरॉइड म्हणतात. दमा, सांधे, खाज, सगळ्यावर झटक्यात गुण येते. पण रोज बाहेरून मिळू लागलं की आतल्या गाठी झोपी जातात. मग बाहेरचं एकदम बंद केलं तर आतलंही नाही अन् बाहेरचंही नाही. माणूस कोसळते.

मी म्हणलं, “समजलं मले. सून आली की सासू चुलीपासून उठते. वर्सभर बसून खाते. मग सून एक दिवस न सांगता माहेरी गेली तर सासूले काडीपेटी कोठी ठेवली तेही सापडत नाही.”

डॉक्टरीण हसली. “अगदी बरोबर! म्हणून सुनेनं हळूहळू जायचं. आधी एक वेळचा स्वयंपाक सासूवर सोडायचा, मग दोन वेळचा.”

तुम्ही खाटेवरून पुटपुटल्या, “आमच्या घरची धाकटी मले एक वेळही बसून खाऊ देत नाही.” मरता मरता वाचल्या, पण टोमणा चुकला नाही.

मग तिनं तेच औषध गोळ्यांनी दिलं, नेमकं मोजून. सकाळीच घ्यायची, कारण आतल्या गाठीही पहाटेच कामाले लागतात. पोटात अन्न घालून घ्यायची, नाहीतर पोटात घाव होते. मीठ कमी, साखर तपासायची, हाडं ठिसूळ होतात म्हणून दूध प्यायचं. ताप आला, उलटी झाली तर घरी बसायचं नाही, दवाखान्यात यायचं अन् या गोळीचं नाव आधी सांगायचं. अन् आपल्या मनानं कोणी बंद करायची नाही. ज्या तोंडाले सगळे पुनवेचा चांद म्हणत होते ना, ती तब्येत नव्हे, म्हणे. ती सूज आहे.

सूज! मी गपकन माझ्या गालाले हात लावला. जिच्यासाठी मी चोरी केली, ती सूज होती!

डॉक्टरणीनं विचारलं, “गोळ्या कोण देणार? जबाबदार माणूस सांगा.” नर्सनं तुमच्या मोठ्या पोराचं नाव लिहाले घेतलं. तर तुम्ही डोळे मिटल्या मिटल्या म्हणाल्या, “धाकटीच्या हाती द्या. ती मोजूनमापून करते.”

मले वाटलं, भुईनं मले गिळावं. पण मी हात पुढं केला.

अन् आता माझीही गोष्ट होतीच ना? दोन महिने मीही तेच खाऊन राहिली होती. माझ्याही गाठी झोपल्या असतीन तर? मी डॉक्टरणीच्या मागं मागं गेली. “बाई, आमच्या गावात एक बाई आहे. तिनंही अशाच पुड्या खाल्ल्या, लपून. तिनं एकदम सोडलं तर?”

ती थांबली. चष्म्यावरून माझ्या गालांकडं बघत राहिली. “त्या बाईला उद्या सकाळी इथं घेऊन या. अन् तिला सांगा, लाजून मरण्यापेक्षा लाजून जगलेलं बरं.”

दुसऱ्या दिवशी ‘ती बाई’ एकटीच गेली. मलेही थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, उतरत्या. तुमच्या बाजूच्या बाकावर बसून मी त्या गिळत होती अन् तुम्हाले सांगत होती, डोकं दुखते.

घरी आल्यावर मी चुलीशेजारच्या भिंतीवर गेरूच्या खुणा केल्या. पूर्ण गोळीले पूर्ण टिळा, अर्धीले अर्धा. भात खाऊ घातल्याशिवाय गोळी दिली नाही. महाशिवरात्रीले तुम्ही म्हणाल्या, “आज उपास आहे, आज राहू दे.” मी म्हणलं, “महादेवाले मी पाहून घेईन, तुम्ही गिळा.” एकादशीलेही तेच. चिडून तुम्ही मले जल्लाद म्हणाल्या. पोळ्यापर्यंत भिंतीवरचे टिळे उतरत उतरत पाव झाले अन् मग संपले. तुमचे गाल बसले, मानेची गादी गेली, ओठावरची मिशी मात्र राहिली. दम्याच्या दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पिपाणी अधूनमधून वाजे, पण तुम्ही पुढं सहा वर्सं राज्य केलं माझ्यावर!

पुडीवाल्याचं मात्र वाईट झालं. तुम्ही घरी आल्यावर पुढच्याच बाजारी भासरे चार गडी घेऊन गेले. छत्रीखाली त्याची गचांडी धरली. “आमच्या बाईले पीठ खाऊ घालतो का बे?”

तो रडकुंडीले आला. “आईची आन जी! पीठ टाकीन तर हात झडतीन माझे! मी अस्सल गोळ्या कुटून देतो, विलायती गोळ्या! पीठ कायले टाकू?”

झालं! पिठातून सुटायले गेला अन् गोळ्यांत सापडला. ज्यानं जडीबुटी म्हणून विकली, त्यानं भर बाजारात गोळ्या कुटल्याचं कबूल केलं. मग जो मार बसला! तो पळाला, छत्री तेथीच राहिली. भासऱ्यांनी ती घरी आणून खुंटीले टांगली.

तो चोर होता. माणसं मारत होता. पण पिठाचा चोर तो नव्हता.

त्या छत्रीखाली मी कधी गेली नाही. पाऊस आला की भिजत जात होती. तुम्ही ओसरीतून म्हणायच्या, “घे ना वो छत्री. कोणाची भीड आहे?” अन् गालातल्या गालात हसायच्या. मले वाटे, हसत नाही, पानाचा विडा चघळून राहिल्या.

आता त्या पुडीकडं येते.

महिन्यामागं तुमच्या डब्यातून जी निघाली, ती उघडली तर आत पीठ. पिवळं पडलेलं, सोंडे झालेलं. तांदळाचं पीठ! मोठ्या बाई, पुडीवाला तिकोनी घडी घालायचा, पानाच्या विड्यासारखी. मले ती कधी जमली नाही. मी हळदीकुंकवाच्या पुडीसारखी चौकोनी घालत होती. मले वाटलं होतं, कोण पाहते घडी.

ही पुडी चौकोनी होती.

डॉक्टरणीनं एक उघडली होती. बाकी तीन तिच्या टेबलावर, तुमच्या खाटेच्या हाताशी. घरी घडीकडं तुमचं ध्यान गेलं नसंल, पण पीठ निघालं हे ऐकून दवाखान्यातच तुम्ही ओळखलं. वीस वर्सं तुम्ही माझ्या हातची हळदीकुंकवाची पुडी घेतली होती, तुम्ही नाही ओळखणार तर कोण? अन् ओळखून एक उचलून ठेवली. अन् उचलल्यावर म्हणाल्या, “धाकटीच्या हाती द्या.”

काहून जी? जिनं तुम्हाले मारत आणलं, तिच्याच हाती तुमचा जीव दिला? मले शिक्षा म्हणून? का तुम्हाले माहीत होतं, की एकदा चुकलेली बाईच भिंतीवर टिळे काढीन अन् महादेवालेही आडवी जाईन? सहा वर्सं माझ्या हातचं खाल्लं, दहादा भांडल्या, आईबाप काढले, पण ही पुडी एकदाही बाहेर नाही काढली! मी असती तर पहिल्याच भांडणात तोंडावर फेकली असती.

अन् माझा तुमच्यावर रागही आहे, हे लिहून ठेवते. तुम्हाले माहीत होतं तर त्या पुडीवाल्याले पिठाचा मार कायले खाऊ दिला? निदान माझ्या पाठीत एक धपाटा घालायचा होता. मी दहा वर्सं मनात घेऊन फिरली अन् तुम्ही विडा चघळत मजा पाह्यली! ‘कोणाची भीड आहे’ म्हणे!

बरं, आता खरी गोष्ट ऐका, ज्याच्यासाठी मी लिहाले बसली. त्या नव्या पोरसवदा डॉक्टरले मी विचारलं, “सकाळी खाऊन घ्यायची ना? एकदम बंद नाही करायची ना? ताप आला तर नाव सांगायचं ना?” तो म्हणाला, “आजी, तुम्ही नर्स होत्या का?” मनात म्हणलं, नाही रे बाबू, चोर होती.

गोळी घेऊन महिना झाला. हात वर जातात. अन् गाल येऊन राहिले, मोठ्या बाई! म्हातारपणी! काल शोभा माझी वेणी घालता घालता म्हणाली, “आई, तुमचं तोंड किती छान भरलं. मले एखादी द्या ना. अड्याळले माहेरी गेली की सगळ्या मले काडी म्हणतात.” हसत म्हणाली ती. पण तिची नजर डब्यावर होती. ती नजर मी ओळखते. ती माझीच आहे.

म्हणून तुम्हाले सांगते, ऐका. उद्या सकाळी भात खाऊन मी गोळी घेईन अन् शोभाले चुलीपुढं बसवीन. तुमची पुडी तिच्या तळहातावर उघडीन. तुराटीचं सांगीन, पिठाचं सांगीन, त्या एसटीतलं सांगीन, ‘आमच्या गावातल्या एका बाई’चंही सांगीन. हसू दे. माहेरी जाऊन सांगू दे. भासऱ्यांच्या कानावर गेलं तरी जाऊ दे. माझी इज्जत गेली तर तिचा जीव राहते, सौदा वाईट नाही. माझी गोळी मी डॉक्टर म्हणेल तशी उतरवीन, एकेक पायरी, भिंतीवर पुन्हा टिळे काढून. अन् यंदाच्या पावसाळ्यात ती छत्री उघडून बाजारात जाईन. तो म्हातारा कोठी दिसला तर त्याची त्याले देईन अन् सांगीन, पिठापुरता तू खरा होता.

माझ्या गोळ्या तुमच्याच डब्यात ठेवल्या आहेत, तुमच्या पुडीच्या बाजूला. आता पहारा तुमचा.

तुमची धाकटी,
तुराटी
(गाल आले तरी तुराटीच)